कोळ्यांच्या अभ्यासाची सुरुवात कशी करावी: सोलापूर परिसरातील नवोदितांसाठी

कोळ्यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याची पहिली गाठ नावाच्या गोंधळाशी पडते. मराठीत कोळी म्हणजे मासेमारी करणारा समाज आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा आठ पायांचा प्राणीही. काही जुनी माणसे त्याला कातीण म्हणतात, आणि तो शब्द ‘कातणे’ या क्रियापदाशी जवळचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या घरांत त्याला ‘सालेपुरुगु’ म्हणतात. त्यातील ‘साले’ म्हणजे विणकर आणि ‘पुरुगु’ म्हणजे किडा. ज्या गावाची ओळख चादरींच्या मागावर उभी राहिली त्या गावात हा शब्द रोजच्या बोलण्यात असावा, याचे मला आजही अप्रूप वाटते. याउलट डाळिंबाच्या बागेतला शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतो, तो कोळी नसून पानांतील रस शोषणारा माइट नावाचा बारीक प्राणी आहे. त्यामुळे कोणी आपल्याला ‘बागेत कोळी फार झालेत’ असे सांगितले, तर प्रथम पानाची मागची बाजू भिंगाखाली पाहावी आणि मगच उत्तर द्यावे.

कोळी, विंचू, गोचीड, माइट, छद्मविंचू हे सर्व अष्टपाद वर्गात, म्हणजे अ‍ॅरॅक्निडा या वर्गात येतात. कीटकाला सहा पाय, बहुधा पंख आणि डोक्यावर मिशा असतात. अष्टपादांना चालण्याच्या पायांच्या चार जोड्या असतात, मिशा आणि पंख मुळीच नसतात. मृग नक्षत्राचा पहिला चांगला पाऊस झाला की शेताच्या बांधावर लाल मखमली किडे फिरताना दिसतात. लहानपणी आपण सर्वांनीच ते तळहातावर घेतलेले असतात आणि त्यांना मृगाचे किडे म्हणत आलो आहोत. पुढच्या जूनमध्ये त्यांचे पाय मोजावेत. ते आठ भरतील, कारण तोही एक मोठा माइट आहे, कीटक नव्हे. त्याची अळी मात्र सहा पायांची असते आणि कीटकांच्या अंगावर राहून वाढते. अभ्यासाचा पहिला धडा म्हणून यापेक्षा सोयीचा प्राणी मला सुचत नाही.

पहिली पायरी: एक जागा, एक वही

नवीन माणूस बहुतेक वेळा बाटल्या आणि चिमटा घेऊन सुरुवात करतो. माझा आग्रह असा की पहिले तीन महिने काहीही पकडू नये. घराजवळची एकच जागा निवडावी: परसातील कडुनिंब, सिद्धेश्वर तलावाच्या काठची झुडपे, विजापूर रस्त्याकडच्या वनविहाराची कडा किंवा कॉलेजच्या आवाराचे कुंपण. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास तेथे पाहावे आणि जे दिसेल ते लिहावे. तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, वारा, कोळी कशावर होता, जाळे होते का, असल्यास कोणत्या आकाराचे आणि जमिनीपासून किती उंचीवर, तो काय खात होता, या सर्व गोष्टी जागच्या जागी लिहाव्यात. घरी येऊन आठवणीने लिहिलेली नोंद आणि समोर बसून लिहिलेली नोंद यांत किती अंतर पडते, हे दोन्ही करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

घराच्या आतूनही सुरुवात करता येते. छताच्या कोपऱ्यात उलटे लोंबणारे, लांब काटकुळ्या पायांचे कोळी आपण झाडूने काढून टाकतो आणि त्यांच्या जाळ्यांना जळमटे म्हणतो. त्यांतील एक, क्रॉसोप्रायझा लायनी, आपल्याकडच्या घरांत नेहमी आढळतो. धक्का लागला की तो जाळ्यातच इतक्या वेगाने थरथरतो की त्याचा आकार पुसट होतो. भिंतीवर दिवसा उड्या मारत माशा पकडणारे छोटे कोळी सॉल्टिसिडी कुळातील असतात. त्यांच्या तोंडावरचे दोन मोठे डोळे समोर रोखलेले असतात. आपण बोट हलवले की ते वळून पाहतात, आणि हे वळून पाहणे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

एका संध्याकाळी मात्र मुद्दाम वेळ काढून गोल जाळे विणणारा कोळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. अंगणातल्या दिव्याजवळ निओस्कोना या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या नात्याच्या जातींच्या गटातले, कोळी दिवस मावळताना कामाला लागतात. प्रथम तो एक धागा वाऱ्यावर सोडतो. तो समोर कुठेतरी चिकटला की त्याला ताण देतो. मग चौकट, मग मध्यातून बाहेर जाणारे आरे. मागावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळते, कारण आरे म्हणजे ताणा आणि त्यावर फिरणारे वळसे म्हणजे बाणा. पण येथे एक गोष्ट अशी घडते जी मागावर घडत नाही. कोळी आधी मध्यापासून बाहेरच्या दिशेने विरळ, न चिकटणारे वळसे टाकतो. ते त्याचे परांचे असते. त्यानंतर तो बाहेरून आत येत चिकट धाग्याचे दाट वळसे घालतो आणि जसजसा आत येतो तसतसे परांच्याचे धागे तोडत जातो. प्रत्येक आऱ्यावर पायाने तो आधीच्या वळशापासूनचे अंतर चाचपतो आणि मगच धागा चिकटवतो. साधारण अर्ध्या ते एका तासात जाळे पूर्ण होते. अनेक जातींचे कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्यातील प्रथिने पुन्हा नव्या धाग्यासाठी वापरतात. हे सर्व लाल कागद लावलेल्या मंद टॉर्चने पाहिले तर कोळी बिचकत नाही.

दुसरी पायरी: साहित्य

सुरुवातीला फार खर्च करू नये. दहापट मोठे दाखवणारे भिंग, डोक्याला बांधायची टॉर्च, पट्टी, पेन्सिल, वही, पाणी फवारायची छोटी बाटली, झाकणाच्या पारदर्शक डब्या, मऊ रंगाचा ब्रश आणि एक जुनी छत्री एवढे पुरते. मोबाइलला लावायची मॅक्रो भिंगे हल्ली स्वस्तात मिळतात आणि त्यांनी काम चांगले होते. फवाऱ्याची बाटली जाळ्यासाठी: पाण्याचे बारीक थेंब पडले की न दिसणारे जाळे उजळून येते आणि फोटो नीट निघतो. जाळे दिसावे म्हणून पूर्वी त्यावर पीठ किंवा पावडर उधळत असत. त्याने जाळे निकामी होते, म्हणून ते टाळावे.

स्टीरिओ सूक्ष्मदर्शक लागतो, पण तो पुढच्या टप्प्यावर. तो विकत घेण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागात चौकशी करावी. शहरात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न अनेक महाविद्यालये आहेत. वही घेऊन गेलेल्या, तीन महिन्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या माणसासाठी प्रयोगशाळेचे दार सहसा उघडते.

तिसरी पायरी: शोधायचे कसे

सोलापूर हा पर्जन्यछायेचा, काळ्या जमिनीचा आणि माळरानांचा प्रदेश आहे. कोकणात किंवा घाटात दिसणारे महाकाय जाळ्यांचे कोळी येथे शोधत बसण्यात अर्थ नाही. येथील संपत्ती गवतात, बाभळीवर आणि दगडाखाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते आणि बहुतेक कोळी दडून बसतात किंवा अंड्यांच्या रूपात असतात. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये अधिक असतो, आणि त्याच्या मागेपुढे, म्हणजे ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, पूर्ण वाढ झालेले कोळी सर्वाधिक मिळतात. ओळख पटवण्यासाठी प्रौढ कोळी लागत असल्याने हा काळ चुकवू नये.

गवताळ माळावर दिवाळीच्या सुमारास पहाटे जावे. सूर्य वर येण्यापूर्वी गवताच्या बुडाशी दवाने भिजलेल्या शेकडो पांढऱ्या चादरी पसरलेल्या दिसतात. त्या हिपासा या लांडगाकोळ्यांच्या नात्यातील कोळ्याच्या. भिंग घेऊन एका चादरीशी गुडघे टेकून बसावे. चादर एका बाजूला नरसाळ्यासारखी निमुळती होत जमिनीतील फटीत उतरते आणि त्या तोंडाशी कोळ्याच्या पुढच्या दोन पायांची टोके दिसतात. गवताच्या काडीने चादर हलकेच कापरी केली की तो झेप घेऊन बाहेर येतो, भक्ष्य नाही हे ओळखतो आणि मागच्या मागे बिळात जातो. दुसऱ्यांदा काडी लावली तर तो येतोच असे नाही. या एवढ्याशा निरीक्षणातून एक प्रश्न उभा राहतो: किती वेळा फसल्यावर तो येणे थांबवतो, आणि किती वेळाने पुन्हा येऊ लागतो? हा प्रश्न घड्याळ आणि काडी एवढ्या साहित्यावर सुटू शकतो. उन्हे चढली की चादरी नजरेला दिसेनाशा होतात आणि माळ रिकामा वाटू लागतो.

रात्रीचे शोधणे वेगळे. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून जमिनीवर प्रकाश टाकला की गवतात हिरवट-निळे ठिपके चमकतात. लांडगाकोळ्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्याची ती चमक असते. टॉर्च कमरेजवळ धरली तर चमक दिसत नाही, कारण प्रकाश आला त्याच दिशेने परत जातो. मादी लांडगाकोळी अंड्यांची पिशवी उदराच्या टोकाला लावून फिरते आणि पिल्ले निघाली की ती तिच्या पाठीवर चढून बसतात. अशी मादी प्रकाशात आली तर एका जागी पन्नास-साठ ठिपके चमकल्यासारखे वाटतात.

झुडपांसाठी छत्रीचा उपाय आहे. उघडी छत्री उलटी करून फांदीखाली धरावी आणि फांदीवर काठीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत. छत्रीत पडणाऱ्या कोळ्यांत खेकडाकोळी, काटेरी पायांचे ऑक्सिओपिडी कुळातील कोळी आणि उड्या मारणारे कोळी हमखास असतात. पिवळ्या किंवा पांढऱ्या फुलात दबा धरून बसणारा खेकडाकोळी आधी डोळ्यांनी शोधून पाहावा. तो फुलाच्या रंगाशी इतका मिसळलेला असतो की एखादी माशी विचित्र कोनात निश्चल दिसली, तर ती त्याच्या तोंडात आहे असे समजावे. कडुनिंबाच्या खोडावर हर्सिलिया हा चपटा, सालीच्या रंगाचा कोळी असतो. त्याच्या उदराच्या टोकाला धागा सोडणारे दोन लांब अवयव शेपट्यांसारखे दिसतात आणि तो भक्ष्याभोवती गरागरा फिरत त्याला धाग्यांनी खोडाशी बांधून टाकतो.

बाभळीवर आणि काटेरी कुंपणांवर मळकट, वाळकी पाने आणि कीटकांचे अवशेष अडकलेले गुंतागुंतीचे गोळे दिसतात. ते स्टेगोडिफस सारासिनोरम या सामाजिक कोळ्याचे घरटे. बहुतेक कोळी एकमेकांना खातात, पण येथे अनेक माद्या एकत्र राहतात, एकत्र शिकार करतात आणि पिल्लांना सांभाळतात. त्यांत नर फारच थोडे असतात आणि शेवटी पिल्ले मादीलाच खाऊन मोठी होतात. हे घरटे फाडून पाहू नये. बाहेर टांगलेल्या जाळ्यावर किती जणी येतात हे मोजणे पुरेसे असते. शेतकऱ्याचे कुंपण असेल तर आधी त्याला विचारावे.

जमिनीत पेला पुरून करायच्या सापळ्याबद्दल थोडक्यात. पेल्याची कड जमिनीशी अगदी समतल असावी, त्यात साबणाचे दोन थेंब टाकलेले पाणी असावे, वर खापरीचे छप्पर असावे आणि तोंड लहान असावे, नाहीतर बेडूक आणि सरडे पडतात. रोज सकाळी रिकामा करण्याची तयारी नसेल तर सापळा लावूच नये.

विंचू आणि आपली सुरक्षितता

अष्टपादांच्या अभ्यासात जिवाला धोका असेल तर तो कोळ्यापासून नव्हे, विंचवापासून आहे. काळी, जाड नांग्यांची (म्हणजे पुढच्या पकडींची) इंगळी दिसायला भयंकर असते, पण आपल्या राज्यात जीवघेणा ठरला आहे तो तुलनेने बारीक नांग्यांचा लाल विंचू, हॉटेंटॉटा टॅम्युलस. त्याच्या विषाने शरीरातील स्वायत्त मज्जासंस्था उत्तेजित होते. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसतात आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू येऊ शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणले. ग्रामीण दवाखान्यातील निरीक्षणातून जगाला उपयोगी पडणारे संशोधन उभे राहू शकते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे. दंश झाल्यास मंत्र, झाडपाला यांत वेळ न घालवता थेट रुग्णालयात जावे, आणि लहान मूल असेल तर क्षणाचाही विलंब करू नये.

दगड उचलताना तो स्वतःच्या दिशेने उचलावा, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून दूर राहते. आपल्याकडच्या खडकाळ माळांवर फुरसे आणि घोणस दोन्ही असतात. पाहून झाल्यावर दगड पूर्वी होता तसाच ठेवावा, कारण त्याखालचा ओलावा हेच तेथील प्राण्यांचे घर आहे. पायांत घोट्यावर येणारे बूट असावेत, हातात लांब चिमटा असावा, आणि रात्री एकट्याने जाऊ नये. विंचू शोधायला अतिनील प्रकाशाची टॉर्च वापरतात. विंचवाच्या कवचातील द्रव्यांमुळे तो अंधारात हिरवट-निळा उजळतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र उजळत नाही, हे लक्षात ठेवून पाऊल टाकावे. कोळ्यांच्या बाबतीत एवढेच सांगतो की येथील बहुतेक जाती माणसाला अपाय करीत नाहीत. अंगावर कोळी फिरल्याने फोड येतात असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. असे फोड अनेकदा नागिणीचे किंवा दिव्याकडे येणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या दाहक द्रवाचे असतात. ते डॉक्टरांना दाखवावेत. तरीही कोळी उघड्या हाताने पकडू नये. त्यात त्याच्याच पायांना इजा होण्याची भीती अधिक असते.

चौथी पायरी: ओळख

जगात ५०,००० पेक्षा जास्त जातींचे कोळी शास्त्रात नोंदले गेले आहेत; हा आकडा एप्रिल २०२२ मध्ये ओलांडला गेला. एवढ्या जातींत नवोदिताने थेट जातीचे नाव शोधू नये. आधी कूळ ओळखावे, आणि कुळासाठी डोळ्यांची मांडणी पाहावी. पुढे दोन प्रचंड डोळे असतील तर सॉल्टिसिडी. पुढे चार लहान डोळ्यांची ओळ, वर दोन मोठे आणि त्यांच्या मागे दोन असतील तर लांडगाकोळ्यांचे लायकोसिडी. डोळे षट्कोनात आणि पाय काटेरी असतील तर ऑक्सिओपिडी. पुढच्या पायांच्या दोन जोड्या बाजूंना खेकड्यासारख्या पसरलेल्या असतील तर खेकडाकोळ्यांचे थोमिसिडी. एवढी चार कुळे डोळ्यांखाली पक्की बसली की आपल्याकडच्या गवतातले आणि झुडपांतले निम्मे काम सोपे होते.

फोटो काढताना वरून, समोरून, बाजूने आणि शक्य असल्यास काचेच्या डबीतून खालून असे चार काढावेत. नुसत्या सुंदर पाठीच्या फोटोवरून तज्ज्ञही फार तर कुळापर्यंत पोहोचतो. लांबी म्हणजे पायांसह पसारा नव्हे. डोक्याच्या पुढच्या कडेपासून उदराच्या टोकापर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये. नर आणि मादी यांतील फरकही पहिल्या दिवसापासून पाहावा. नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादांची टोके मुठीसारखी फुगलेली असतात. मादीची सरळ असतात. याच फुगलेल्या टोकांची आणि मादीच्या उदराखालील जननद्वाराच्या कठीण पट्टीची रचना जातीजातीत निराळी असते, आणि जातीचा निर्णय तिच्यावरच होतो. म्हणूनच पिल्लाला जातीचे नाव देऊ नये. वहीत ‘थोमिसिडी, पिल्लू’ एवढे लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीचे नाव लिहिण्यात मात्र पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल आहे.

संदर्भासाठी दोन गोष्टी जवळ असाव्यात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडून चालवला जाणारा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग इंटरनेटवर उपलब्ध असून नाव नोंदवल्यावर त्यातील मूळ शोधनिबंधही वाचता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाची प्रकाशने. १९०० साली पोकॉक यांनी ब्रिटिश भारतातील अष्टपादांवर ग्रंथ लिहिला. पुढे बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांवर आणि डी. बी. बस्तावडे यांच्यासह १९८३ साली विंचवांवर मोठे ग्रंथ लिहिले. त्यांतील अनेक नावे नंतर बदलली आहेत, म्हणून जुन्या ग्रंथातील चित्र पाहावे आणि नाव कॅटलॉगमध्ये तपासावे. आय-नॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकल्यास जाणकार मदत करतात, पण तेथे सुचवलेले नाव हा अंदाज आहे, निर्णय नव्हे.

पाचवी पायरी: नमुना गोळा करणे, आणि त्याआधी परवानगी

नमुना तेव्हाच घ्यावा जेव्हा प्रश्न नमुन्याशिवाय सुटणार नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य सोलापूरपासून जवळ आहे आणि १९७९ पासून संरक्षित आहे; तेथील गवतात कोळ्यांची रेलचेल आहे. परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात संशोधनासाठी जाण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि तेथून एक मुंगीही उचलून आणता येत नाही. अर्ज महाविद्यालय किंवा विद्यापीठामार्फत करावा आणि हंगामाच्या कित्येक महिने आधी करावा. झाडांवर राहणाऱ्या पोसिलोथेरिया या मोठ्या कोळ्यांचा तर पाळीव प्राणी म्हणून व्यापार होतो, म्हणून २०१९ साली त्यांना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले. अशा दुर्मीळ कोळ्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर कधीही टाकू नये.

नमुना ७० ते ७५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात. डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या पुढचे इथेनॉल आणि थंड जागा लागते. फॉर्मलिन वापरू नये. त्याने प्राणी कडक होतो आणि डीएनए निकामी होतो. इथेनॉल सहज विकत मिळत नाही, ते प्रयोगशाळेमार्फतच घ्यावे.

आणि चिठ्ठी. माझ्या पहिल्या हंगामात मी बाटल्यांच्या आत बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दोन महिन्यांनी बाटल्या उघडल्या तेव्हा स्पिरिट फिकट निळे झाले होते आणि चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. कोळी शाबूत होते, पण ते कोणत्या बांधावरचे, कोणत्या तारखेचे, हे सांगणारे काही उरले नव्हते. एका पावसाळ्याचे काम गेले, आणि जे प्राणी मी मारले ते कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत. याची बोच अजून जात नाही. तेव्हापासून मी चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलने लिहितो आणि ती बाटलीच्या आत ठेवतो. बाहेर चिकटवलेला कागद गळून पडतो. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, अधिवास, पकडण्याची पद्धत आणि पकडणाऱ्याचे नाव असावे. महिना अक्षरांत लिहावा, म्हणजे ५ आणि ९ यांतील कोणता दिवस आणि कोणता महिना हा वाद उरत नाही. सोलापूर शहर साधारण १७.६६ उत्तर अक्षांश आणि ७५.९ पूर्व रेखांशावर आहे, पण एवढ्या ढोबळ आकड्याने एक-दीड किलोमीटरचा किंवा त्याहूनही मोठा परिसर येतो. दशांश चिन्हानंतर चार आकडे घेतले की जागा दहा-बारा मीटरच्या आत येते. मोबाइल तेवढे देतोच.

सहावी पायरी: प्रश्न बांधणे

‘सोलापूर जिल्ह्यातील कोळ्यांची यादी’ हा विषय विद्यार्थी नेहमी घेतात. यादी उपयोगी असते, पण तिच्यात प्रश्न नसतो. प्रश्नाचे एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यानंतर बागांच्या कडेला अर्जिओपी अनसूया हा कोळी आपल्या गोल जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या जाड नागमोडी धाग्यांची फुली काढून त्या फुलीवर पाय जोडीने ठेवून बसतो. ही फुली कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. काहींच्या मते ती कीटकांना आकर्षित करते, काहींच्या मते पक्ष्यांना जाळे दाखवून दूर ठेवते किंवा कोळ्याचा आकार लपवते. शिवाय सर्व जाळ्यांवर पूर्ण फुली नसते; कधी एकच बाहू असतो, कधी दोन, तीन, कधी एकही नसतो. एका बागेतील चाळीस जाळ्यांवर महिनाभर दिवसाआड फिरून बाहू किती, कोळ्याची लांबी किती, जाळ्यात त्या वेळी किती कीटक अडकलेले आहेत आणि जाळे फाटलेले आहे का, एवढे चार रकाने भरले, तर बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या हाती खरी सामग्री येते.

दुसरा विषय आपल्या जिल्ह्याच्या पोटाशी निगडित आहे. सोलापूरचे डाळिंब प्रसिद्ध आहे आणि केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. बागेत फवारणी झाली की किडीबरोबर कोळीही मरतात, असे अनेक शेतकरी स्वतः सांगतात. फवारणीची बाग आणि बिनफवारणीची बाग यांतील कोळ्यांची तुलना करताना मात्र एकेक बाग घेऊन भागत नाही. त्या दोन बागांची माती, पाणी, झाडांचे वय वेगळे असू शकते आणि दिसणारा फरक फवारणीचा आहे की विहिरीचा, हे कळणार नाही. प्रत्येक प्रकारच्या किमान चार-पाच बागा, प्रत्येकीत तितकीच झाडे, प्रत्येक झाडाखाली छत्रीवर तितकेच ठोके, आणि सकाळची तीच वेळ असे ठरवावे आणि हंगाम संपेपर्यंत ते बदलू नये. मध्येच अधिक चांगली पद्धत सुचली तर ती पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवावी. काहीच सापडले नाही त्या दिवशीही ‘शून्य’ लिहावे. कोरी ओळ म्हणजे गेलो नव्हतो, आणि शून्य म्हणजे गेलो होतो, शोधले, नव्हते.

सातवी पायरी: नवी जात सापडली असे वाटले तर

हे प्रत्येकाला एकदा वाटते, आणि आपल्या देशात ते खरे ठरण्याची शक्यताही आहे. २०२१ साली ठाणे परिसरातून वर्णन झालेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ इसियस तुकारामी हे नाव दिले गेले. अशा नावामागे बरेच काम असते. प्रौढ नर आणि मादी मिळवणे, जननावयवांची चित्रे काढणे, त्याच प्रजातीच्या सर्व ज्ञात जातींचे जुने निबंध तपासणे, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो सर्व अभ्यासकांना पाहता येईल अशा मान्यताप्राप्त संग्रहात जमा करणे. हे एकट्याने करू नये. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे. सोलापूरहून रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येते. जाताना नमुने, त्यांच्या चिठ्ठ्या, परवान्याची प्रत आणि मूळ वही, चारही बरोबर न्यावे. तेथील संग्रहात नमुना स्वीकारला गेला की त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. तो क्रमांक त्याच दिवशी आपल्या वहीत, ज्या पानावर तो कोळी प्रथम दिसल्याची नोंद आहे त्या पानाच्या समासात, पेन्सिलने लिहून ठेवावा.